घर-अंगण : माशांच्या पेटीचे पाणी



मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या धाकट्या नातीने हट्ट धरला की घरात मासे पाळायचे. तालुक्याच्या गावाहून दोन फूट लांबीची काचेची पेटी आणली. ओढ्यातले खडे धुऊन तळाशी पसरले, विहिरीचे नितळ पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी बारा गप्पी मासे त्यात सोडले. चार दिवस घरातली पोरेसोरे जेवणखाण विसरून पेटीसमोर बसून होती. जो येई तो चिमूटभर खाद्य टाकी. पाचव्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. आठव्या दिवशी सकाळी एकही उरला नाही. नातीने ते जास्वंदीच्या मुळाशी पुरले आणि मला विचारले, "आजोबा, पाणी तर स्वच्छ होते ना?"

पाणी स्वच्छच दिसत होते. पेटीच्या पलीकडचे वर्तमानपत्र वाचता येईल इतके. मग मासे का गेले? या प्रश्नाचे उत्तर खरे तर प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. आपण ते रानात रोज वापरतो, फक्त काचेच्या पेटीत ते ओळखत नाही. म्हणून आज या सदरात माशांच्या पेटीचे पाणी शुद्ध कसे ठेवावे ते सांगणार आहे. मासे पाळायचे नसले तरी शेवटपर्यंत वाचा. शेवटची गोष्ट प्रत्येक घराच्या विहिरीची आहे.

बिघडते ते काय?

मासा खातो, विष्ठा टाकतो आणि कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर सोडतो. उरलेले खाद्य कुजते, त्यातूनही अमोनियाच निघतो. नदीत तो वाहून जातो, तळ्यात पसरतो. दोन घनफुटांच्या पेटीत मात्र पाणी पन्नास-पंचावन्न लिटरच, त्यामुळे तो साचत जातो. अमोनियाला रंग नाही, आणि इतक्या थोड्या प्रमाणात त्याचा वासही येत नाही. पाणी नितळ दिसते आणि माशांचे कल्ले आतून पोळत राहतात.

हा अमोनिया तुमच्या ओळखीचा आहे. युरिया जमिनीवर नुसता फेकला आणि मातीआड केला नाही, तर त्यातला बराच नत्र अमोनिया होऊन उडून जातो. चुनखडीच्या जमिनीत तर जास्तच. पाण्याचेही तसेच आहे. पाणी जितके खारवट-चुनकट, म्हणजे सामू जितका वरचा, तितका अमोनिया जास्त विषारी. सामू ७ असताना पाण्यातल्या अमोनियापैकी शंभरातला जेमतेम अर्धा भाग विषारी रूपात असतो, सामू ८ झाला की तो पाच भागांच्या वर जातो. आपल्याकडच्या बहुतेक विहिरी आणि बोअरचे पाणी जड असते. आमच्या बारा माशांवर हीच वेळ आली.

उपाय मातीतलाच

मग रानात टाकलेला अमोनिया पिकाला कसा लागतो? जमिनीतले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पिके मुख्यतः हे नायट्रेट घेतात. माशांच्या पेटीतही हेच जिवाणू हवेत. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी, पण नायट्रेट बेताचे असेल तर मासे ते सोसतात. म्हणजे पेटीची गाळणी हे खरे तर जिवाणूंचे घर आहे. गाळ अडवणे हे तिचे दुय्यम काम.

हे कळायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युन्त्स या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून गटाराचे पाणी हळूहळू झिरपवले. सुमारे २० दिवस काहीच झाले नाही, अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. मग नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्म सोडताच काम थांबले, मातीचे धुवण घालताच पुन्हा सुरू झाले. हे काम जिवंत कोणीतरी करते आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

आणखी एक मौज पाहा. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात दोन सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी ठेवून त्यांचा एकमेकांशी तोल कसा बसतो ते १८५० साली लिहून प्रसिद्ध केले. घरातल्या माशांच्या पेटीची शास्त्रशुद्ध सुरुवात तिथून झाली असे मानतात. त्याचा मुलगा, नाव तेच, पुढे रॉथमस्टेड या प्रसिद्ध शेती संशोधन केंद्रावर काम करू लागला. अमोनियाचे नायट्रेट होते ते दोन टप्प्यांत आणि दोन वेगळ्या जिवाणूंकडून, हे त्याने दाखवले. बापाने पेटी सांभाळली, लेकाने शेत, आणि दोघांचा विषय एकच निघाला! २०१५ साली तर दोन्ही टप्पे एकटेच पार पाडणारे जिवाणूही सापडले, त्यांतले काही मासे वाढवण्याच्या टाकीच्या गाळणीतच.

गाळणी घरी कशी करावी?

बाजारात स्पंजची तयार गाळणी मिळते आणि ती चांगली असते. पण घरी करायची हौस असेल तर पुढील सामान जमवा : दीड-दोन लिटरची झाकणाची प्लॅस्टिकची बरणी, अर्धा इंची पीव्हीसी नळीचा तुकडा, मूठभर मोठे खडे, तांदळापेक्षा जाड वाळू-खडी, माशांच्या दुकानात मिळणारा जाळीदार स्पंज, आणि हवेचा छोटा पंप त्याच्या बारीक नळीसह. बरणी कोरी किंवा खाण्याच्या पदार्थाचीच हवी. औषधाची, फिनेलची वा साबणाची बरणी कितीही घासली तरी घेऊ नये.

१. झाकणाच्या मधोमध पीव्हीसी नळी घट्ट बसेल एवढे भोक पाडा. भोवती तापवलेल्या खिळ्याने पंधरा-वीस बारीक भोके पाडा.

२. नळी बरणीच्या तळाला टेकेल आणि झाकणाच्या वर थोडी राहील अशी कापा. तिचे वरचे तोंड पेटीतल्या पाण्याच्या पातळीखाली दोन बोटे राहिले पाहिजे. खालच्या टोकाला करवतीने तीन-चार खाचा घ्या, म्हणजे पाणी आत शिरेल.

३. नळी मध्ये उभी धरून तळाशी मोठे खडे, त्यावर खडी आणि सर्वांत वर स्पंजची जाड चकती भरा. खडे-खडी आधी पाणी नितळ येईपर्यंत धुवा. खड्यावर लिंबाचा रस पिळून पाहा. फेस आला तर तो चुनखडीचा, त्याने पाण्याचा सामू वाढतो, म्हणून टाकून द्या. आपला साधा काळा दगड उत्तम.

४. झाकण लावा. हवेची बारीक नळी वरून मोठ्या नळीत जवळजवळ तळापर्यंत उतरवा आणि बरणी पेटीच्या कोपऱ्यात ठेवा.

पंप सुरू केला की बुडबुडे मोठ्या नळीतून वर चढतात आणि पाणी बरोबर उचलून नेतात. ज्यांच्या बोअरवर हवेचा कॉम्प्रेसर आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको, तत्त्व तेच. नळीतून पाणी वर गेले की झाकणाच्या भोकांतून दुसरे पाणी आत येते. स्पंज गाळ अडवतो, खडीवर बसलेले जिवाणू अमोनिया खातात, आणि बुडबुड्यांमुळे पाण्यात हवाही मिसळत राहते.

पंप नेहमी पाण्याच्या पातळीपेक्षा उंच फळीवर ठेवा. खाली ठेवला आणि वीज गेली, तर पाणी नळीतून उलटे उतरून पंपात शिरते. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करून पिन काढा. वायर सरळ सॉकेटात न नेता मध्ये झोल ठेवा, म्हणजे ओघळणारा थेंब झोलावरून खाली पडेल.

पेटी कोठे ठेवावी, हेही महत्त्वाचे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत नुसते पाणीच पन्नास किलोच्या वर भरते. म्हणून मजबूत आणि सपाट बैठक हवी, खाली थर्मोकोलचा पत्रा अंथरावा. थेट ऊन नको, हिरवे शेवाळ माजते. उन्हाळ्यात तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीपाशीही नको. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर तो साडेसातावर येतो. माशाला गरज जास्त तेव्हाच पुरवठा कमी, असे होते.

पहिला महिना धीराचा

आमची चूक इथे झाली. आम्ही पेटी भरली आणि त्याच दिवशी मासे सोडले. जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस मासे न सोडता गाळणी चालू ठेवा आणि रोज माशांचे खाद्य चिमूटभर टाका. ते कुजून अमोनिया होईल, आणि त्यावर जिवाणू पोसले जातील. विरजणाशिवाय दही लागत नाही, तसेच हे आहे. कोणाकडे जुनी, निरोगी माशांची पेटी असेल तर त्यांच्या गाळणीतली मूठभर खडी किंवा स्पंजचा तुकडा ओलाच मागून आणा आणि आपल्या बरणीत घाला. दिवस कमी लागतील. घाईने युरियाचे दाणे मात्र टाकू नका, मात्रेचा अंदाज राहत नाही.

माशांच्या दुकानात थेंबांनी पाणी तपासायची पेटी मिळते. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरून नायट्राइट चढते, शेवटी दोन्ही शून्यावर येतात आणि नायट्रेट दिसू लागते. तेव्हाच मासे सोडावेत, तेही एकदम नव्हे. एवढ्या पेटीत पहिल्यांदा पाच-सहा गप्पी पुरेत. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही भिंतीवरची पाटी आपण सर्वांनी वाचली आहे. हिवताप निर्मूलनासाठी आरोग्य खाते हे मासे पाळते, म्हणून आधी आरोग्य केंद्रात चौकशी करा. जड पाणी गप्पींना मानवते, आणि महिन्या-महिन्याने ते पिल्लेही देतात. म्हणून सुरुवात थोड्यांनी करावी.

खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच, दिवसातून एकदा किंवा दोनदा. ते टाकायचे काम घरात एकाच माणसाकडे ठेवा. पोळीचा चुरा, कणीक, भात टाकू नका. मध्येच मासे धापा टाकताना दिसले तर त्या दिवशी खाद्य बंद करा आणि तिसरा हिस्सा पाणी बदला. चाचणीत नायट्राइट निघाले तर दहा लिटरला चहाचा एक सपाट चमचा साधे मीठ विरघळवून घाला. मिठामुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरायला अडते.

पाणी भरताना

ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर घातलेली असते. ती आपल्याला रोगराईपासून वाचवते, पण माशांचे कल्ले आणि गाळणीतले जिवाणू दोन्ही मारते. असे पाणी पसरट तोंडाच्या बादलीत चोवीस तास उघडे ठेवून मगच पेटीत घाला. तांब्याच्या हंड्यातले पाणी वापरू नका, पाण्यात उतरलेले तांबे माशांना बाधते. तुरटी फिरवून गाळ खाली बसतो, पण अमोनिया जात नाही, उलट पाण्याचा तोल बिघडतो. घरच्या आरओ यंत्राचे पाणी नुसते वापरू नये. त्यातले क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात, आणि माशांना क्षार लागतात.

दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. नव्या, स्वच्छ नळीने तळाचा गाळ ओढून बादलीत काढा. त्याच बादलीतल्या पाण्यात स्पंज हलकेच पिळा. नळाखाली धुतला तर जिवाणू गेले आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात! खडीला तर महिनोन्‌महिने हात लावू नका. बादलीतले गढूळ पाणी वांग्या-मिरचीच्या वाफ्यात ओता. त्यात नायट्रेट आहे, फुकटचे खतच ते.

फवारणीच्या दिवसांत जास्त जपा. औषधाचा पंप, मग, बादली, हात, यांतले काहीही पेटीजवळ आणू नका. घरात डासांचे औषध फवारायचे असेल तर पेटी ओल्या कापडाने झाका आणि हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवा. तो खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, आणि ती औषधे माशांना फार लवकर मारतात.

वीज गेली तर

गाळणीत पाणी फिरायचे थांबले की आतला प्राणवायू जिवाणू संपवतात आणि काही तासांनी तेच गुदमरू लागतात. पाणवनस्पती असतील तर दिवसा थोडा आधार मिळतो, रात्री मात्र त्याही प्राणवायू घेतात. तासाभराने तांब्याने पेटीतलेच पाणी काढून वीतभर उंचीवरून धार धरा. बॅटरीवर चालणारा छोटा पंपही मिळतो. वीज अर्धा दिवस गेली असेल तर बरणी बाहेर काढून आतले कुबट पाणी ओतून द्या, पेटीच्या पाण्याने विसळा आणि मगच पंप सुरू करा. नाहीतर सडलेले पाणी एकदम माशांवर जाते. आणि पेटी नको झाली म्हणून मासे ओढ्यात, तळ्यात सोडू नका. अशाच सोडलेल्या परक्या माशांनी देशातल्या कित्येक पाणवठ्यांत स्थानिक माशांची जागा घेतली आहे.

आता विहिरीची गोष्ट

दुसऱ्या वेळी आम्ही सगळे रीतसर केले. पेटीत पाणी भरले आणि नातीने पहिल्याच दिवशी, मासा नाही की खाद्याचा कण नाही, अशा पाण्यात थेंब घालून पाहिले. अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. नायट्रेटची कुपी मात्र गडद लाल झाली. मला वाटले, पोरीने थेंब जास्त घातले. मी स्वतः केले, तरी तेच. हे पाणी थेट विहिरीतून आले होते. आमची विहीर गोठ्यापासून वीस पावलांवर, आणि उकिरडा त्याच्याही अलीकडे.

त्या वेळी घरात चार महिन्यांचे नातवंड होते. सुनेला दूध पुरत नव्हते म्हणून त्याला पावडरचे दूध दिले जाई, याच विहिरीच्या पाण्यात, चांगले उकळून. आम्हाला वाटे, उकळले म्हणजे झाले. पण नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटते आणि ते उलट दाट होते. साध्या गाळणीने जात नाही, टीसीएलनेही नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात त्याचे नायट्राइट होऊ शकते, आणि नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेते. पेटीतले मासे धापा टाकतात तेही याच कारणाने. बाळाचे ओठ आणि नखे निळसर पडू लागतात. असे दिसले तर क्षणही न दवडता दवाखाना गाठावा.

आम्ही पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते असे आपल्याकडचे मानक आहे. आमचे पाणी त्याच्या वर निघाले. अहवाल यायची वाट न पाहता त्या संध्याकाळपासूनच बाळाचे पाणी दुसरीकडून आणायला सुरुवात केली होती. आरओ यंत्राने नायट्रेट बरेच कमी होते, तीही सोय पुढे केली. उकिरडा हलवून विहिरीच्या उतारावर, खालच्या अंगाला नेला. उसाला युरिया एकदम न देता हप्त्यांनी देऊ लागलो. विहिरीचे पाणी एका पावसाळ्यात सुधारत नाही, पण बाळ सुखरूप आहे.

तुमच्या घरात तान्हे मूल असेल आणि विहीर गोठ्याजवळ किंवा खताच्या रानाजवळ असेल, तर या आठवड्यातच ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य केंद्रात विचारून पाण्याचा नमुना तपासायला द्या. नितळपणावर विसंबू नका.

आमच्या पेटीत आज गप्पींची तिसरी पिढी आहे. रविवारी नात बादलीभर पाणी बदलते आणि काढलेले पाणी न चुकता जास्वंदीला घालते. तिचे पहिले बारा मासे तिथेच आहेत. ते मेले नसते तर आमच्या घरात ती थेंबांची कुपी आलीच नसती.